घरमालक म्हणतो ‘करार वाढवणार नाही’. मग काय करायचं?

दोन पोरांच्या शिकवण्यांपायी लातुरात पाच घरं बदललीत. त्यामुळे ‘अकरा महिने झाले की मालक सामान रस्त्यावर काढतो’ आणि ‘हलूच नका, कोर्टात वर्षं जातात’ हे दोन्ही सल्ले ऐकले की डोकं फिरतं.

आधी कागदावरचं शीर्षक वाचा. ‘लीव्ह अँड लायसन्स’ असेल (म्हणजे ठरल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी; बहुधा तेच असतं), तर मुदतवाढ मागायचा हक्क नाही आणि मालकाला कारणही द्यावं लागत नाही. खरा भाडेकरार (टेनन्सी) असेल, तर मुदत संपली तरी नियमित भाडं भरणाऱ्याला कायद्यात दिलेल्या कारणांवाचून आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय काढता येत नाही. कुणी हैदराबादच्या १९५४ च्या कायद्याचा दाखला देऊ लागला तर नमस्कार करून उठा. मराठवाड्यातही आता १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच चालतो.

खरा घोळ मुदत संपल्यानंतरच्या दिवसांचा. मी तिथंच फसले. १ जूनचा करार, ३० एप्रिलला संपला. ‘नीट’, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, मेच्या पहिल्या रविवारी. मालक म्हणाले, “राहा की ताई, परीक्षा होईस्तोर. कोन हाकलतंय?” राहिले. मेचं भाडं नेहमीसारखं दिलं. चावी देताना त्यांनी कराराचं शेवटचं पान उलटून ओळीवर बोट ठेवलं आणि अनामतीतून आणखी एका महिन्याचं भाडं कापलं. कायद्याचं कलम २४ हेच सांगतं: मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट दराने भरपाई. म्हणून महिनाभरच राहायचं असलं तरी नवा करार नोंदवून घ्या. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. “एवढ्यासाठी कशाला?” असं ऐकू आलं, की मार्चमध्येच दुसरी खोली बघायला लागा. गोड बोलण्यावर पोराची परीक्षा टांगू नका.

तरीही अडकलात, तर मालकाला स्वतःच्या हाताने कुलूप ठोकता येत नाही. लायसन्स असेल तर त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कामासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करावा लागतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागा. ते राहिलं, तर मालकाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरतात. भाडेकरूचं पाणी किंवा वीज विनाकारण तोडायला कलम २९ ची मनाई आहे, मग बोअर मालकाचा असो की टँकर.

जाताना मीटरचा फोटो आणि भरलेलं बिल जवळ ठेवा. मुदतीच्या आतच हिशेब करा आणि एका हाताने अनामत घेत दुसऱ्या हाताने चावी द्या.