पोराला फुटबॉल स्कॉलरशिप मिळवायचीय? मग या चुका टाळा

आमचा धाकटा टेक्सासला हायस्कूलची चार वर्षं सेफ्टी (बचावात सगळ्यात मागची जागा) खेळला, म्हणजे हेल्मेटवाला फुटबॉल, आणि आता डिव्हिजन टूच्या (कॉलेजच्या खेळांचे तीन स्तर असतात, त्यातला मधला) एका कॉलेजात थोडी खेळाची स्कॉलरशिप आणि थोडी मार्कांवरची मदत असं जोडून शिकतोय. आमच्या दोघांच्याही घरात क्रिकेटशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं त्यामुळे प्रत्येक गोष्ट ठेच लागूनच कळली. मंडळाच्या कार्यक्रमात हल्ली बरेच आईबाबा हेच विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाट बघत बसणं. पोरगा शुक्रवारी रात्री चांगला खेळला की कॉलेजचे कोच आपसूक येतील असं आम्हाला वाटायचं. नाही येत हो. अगदी मोजकी पोरं सोडली तर बाकीच्यांना स्वतःच दार ठोठवावं लागतं, आणि २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या प्लेअरांची ऑनलाइन यादी) आल्यापासून तर जास्तच, कारण कोचला सतरा वर्षांच्या पोरावर मेहनत घेण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात दोन-तीन सीझन खेळलेला तयार प्लेअर घेणं सोपं वाटतं. मेल पाठवायची, पण आईने नाही. दहावी-अकरावीच्या मधल्या उन्हाळ्यात मी पोराच्या वतीने चाळीसेक मेल केल्या, लांबलचक, त्याचा स्वभाव कसा चांगला आहे वगैरे, आणि एकाचंही उत्तर आलं नाही. मग त्याने स्वतः पाच ओळींची मेल लिहिली. नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, उंची-वजन, जीपीए (मार्कांची सरासरी), फिल्मची लिंक, हायस्कूल कोचचा नंबर, बस. तीही हेड कोचला नाही, त्या पोझिशनच्या कोचला आणि त्या भागाचं रिक्रूटिंग बघणाऱ्या कोचला. तीन आठवड्यांत चार उत्तरं आली. गप्प राहिलेल्यांना सीझनमध्ये नवीन क्लिप्स आल्या की परत पाठवायची, त्यात कमीपणा काही नाही.

आता फिल्म. हडल नावाच्या व्हिडिओ साइटवर सगळ्यांचीच असते, पण आमची पहिली फिल्म बघितली तर आता वाईट वाटतं. सुरुवातीला वीस सेकंद त्याचे फोटो आणि म्युझिक, मग टीम बसमधून उतरतेय, मग पहिला टॅकल, आणि त्यात बावीस पोरांमधला आमचा कोणता हेच कळत नाही. एका कॅम्पमध्ये एका असिस्टंट कोचने आमच्यासमोर फोनवर ती लावली, अंगठ्याने पुढे सरकवत एक क्लिप बघितली, परत सरकवलं, आणि फोन खिशात. अर्धा मिनिटही नसेल गेलं. तेव्हाच कळलं की पहिल्या चार-पाच क्लिप्सच खऱ्या, त्याच सगळ्यात भारी पाहिजेत, सीझनच्या तारखेप्रमाणे लावायच्या नाहीत. स्नॅपच्या आधी, म्हणजे प्ले सुरू व्हायच्या आधी, पोराभोवती गोल किंवा बाण, एकूण तीन ते चार मिनिटं, आणि नुसते इंटरसेप्शन (समोरच्या टीमचा पास पकडणं) नाही तर मोकळ्या मैदानातला टॅकल, मागे पळताना कंबर कशी वळते, ब्लॉक सोडवून बॉलपर्यंत कसा पोचतो हे पण दिसू दे. शिवाय दोन पूर्ण मॅचची फिल्म तयार ठेवा, खरा इंटरेस्ट असलेला कोच तीच मागतो. चाळीस यार्डचा टाइम फुगवून लिहू नका, कॅम्पमध्ये लेझर लावतात तिथे लगेच उघडं पडतं. त्यापेक्षा वसंतात ट्रॅकला १०० आणि २०० मीटर पळू दे, ते टाइम कुणीही तपासू शकतो.

घरी रंगीत पत्रं यायला लागली की हुरळून जाऊ नका. "आमच्या कॅम्पला या" हे शेकडो पोरांना जातं, कॅम्पची फी हा कमाईचा भाग असतो. आम्ही एका उन्हाळ्यात सहा कॅम्पना विमानाने आणि गाडीने फिरलो आणि त्यातल्या चार ठिकाणी त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. कोचने नाव घेऊन मेसेज केला, फिल्ममधल्या एखाद्या प्लेबद्दल बोलला किंवा ट्रान्सक्रिप्ट (शाळेची मार्कलिस्ट) मागितली तर तो इंटरेस्ट. हजारो डॉलर घेऊन "प्रोफाइल बनवून देतो" म्हणणाऱ्यांचंही तसंच, वरचं सगळं घरबसल्या होतं.

लेव्हलचा हट्ट पण सोडा. टीव्हीवर दिसतात तीच कॉलेजं म्हणजे फुटबॉल नाही. तिथे, म्हणजे डिव्हिजन वनच्या सगळ्यात वरच्या गटात, पूर्वी ८५ पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा होती, २०२५ च्या कोर्टाच्या सेटलमेंटनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांत ती मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीमच जास्तीत जास्त १०५ पोरांची झाली. डिव्हिजन टूमध्ये ३६ स्कॉलरशिपएवढा पैसा अख्ख्या टीममध्ये वाटतात, म्हणून तिथे अर्धी-पाव मिळते. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीग (हार्वर्ड-येलचा गट) खेळासाठी पैसेच देत नाहीत, पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो ही सगळी डिव्हिजन थ्री आहेत, आणि उत्पन्नावर मिळणारी मदत बऱ्याचदा अर्ध्या स्कॉलरशिपपेक्षा मोठी निघते. अभ्यासात हुशार पोरगा असेल तर हा रस्ता आधी बघा, मला मनापासून वाटतं की आपल्याकडच्या बऱ्याच घरांसाठी हाच सगळ्यात चांगला आहे.

अभ्यासात एक खड्डा आहे. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर कोर्स (मुख्य विषयांचे) आणि त्यात २.३ जीपीए लागतो, पण त्यातले १० सीनिअर वर्ष (बारावी) सुरू व्हायच्या आत संपलेले पाहिजेत आणि त्या दहातले ७ इंग्लिश, गणित, सायन्सचे. एकदा सीनिअर वर्ष सुरू झालं की ते दहा परत देऊन मार्क वाढवता येत नाहीत. आमच्या मुलाला शाळेच्या काउन्सेलरने दिलेला एक सायन्सचा कोर्स एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संघटना) यादीत नव्हताच, अकरावीत कळलं आणि उन्हाळ्यात दुसरा करावा लागला. प्रत्येक हायस्कूलची मान्य यादी एनसीएएच्या साइटवर आहे, नववीतच बघून घ्या.

तोंडी ऑफर म्हणजे काही नाही. "आज हो म्हटलं तर जागा पक्की का?" असं पोराने सरळ विचारावं. प्रेफर्ड वॉक-ऑन म्हणजे टीममध्ये जागा, पैसे नाहीत. पूर्वीचं लेटर ऑफ इंटेंट (याच कॉलेजात येणार असा सहीचा कागद) २०२४ मध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीचा करार सही करायचा असतो, तो एक वर्षाचा की चार, दुखापत झाली तर काय, हे वाचूनच सही.

आणि एच-४ (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्या घरांसाठी. खेळाच्या स्कॉलरशिपला नागरिकत्व लागत नाही, पण सरकारी फेडरल मदत मिळत नाही, त्यामुळे कॉलेजचा स्वतःचा पैसा किती हे आधीच विचारा. पोरगा २१ चा झाला की एच-४ संपतो, तेव्हा तो बहुतेक कॉलेजच्या मध्यावर असेल, एफ-१ चं (विद्यार्थ्यांचा व्हिसा) नियोजन तोपर्यंत करून ठेवा. नाव-चेहरा वापरून मिळणारे एनआयएलचे पैसे, अगदी गावातल्या दुकानाची इन्स्टा पोस्ट असली तरी, व्हिसावर अडचण आणू शकतात, म्हणून एक डॉलरही घ्यायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला आणि कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.