ओव्हन घासून उजळत नाही: खोलवर सफाई करताना या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळे, पंखे, डबे सगळे रांगेत उभे राहतात आणि ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, हमखास शेवटी आठवतो. तोही नानकटाईला मागच्या महिन्यातल्या पनीर टिक्क्याचा वास लागला म्हणून. मग हाताशी सापडेल ते फासलं जातं, तारेची घासणी चालते, आणि तासाभरात ओव्हन अर्धवट स्वच्छ, पण पूर्ण ओरखडलेला होतो.

ओव्हनच्या आतला काळा थर म्हणजे नुसता मळ नव्हे. तेल-तुपाचे शिंतोडे तापलेल्या पत्र्यावर पुन्हा पुन्हा भाजले गेले की वार्निशसारखे घट्ट होतात. बिडाचा तवा वापरात आणताना तेल लावून, तापवून आपण जो राप मुद्दाम चढवतो, त्याच जातीचं हे किटण. भांड्याच्या साबणाला ते दाद देत नाही आणि जोर लावला तर किटणाआधी पत्र्यावरचा मुलामा निघतो. त्याला लागतो सौम्य अल्कली आणि भरपूर वेळ. बहुतेक चुका या वेळेची काटकसर करण्यातूनच होतात.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतणं

व्हिडिओत फसफस छान दिसते, म्हणून ही चूक सर्वांत लोकप्रिय. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना संपवतात आणि मागे राहतं ते जवळजवळ खारट पाणी. फेसाने सुटे कण थोडे हलतात, इतकंच. चिकट थर तिथेच.

सोड्याला एकट्याला काम करू द्या. अर्धी वाटी खाण्याच्या सोड्यात तीन-चार चमचे पाणी घालून दाटसर लेप करा. ओव्हन पूर्ण गार आणि प्लग काढलेला हवा. लेप भिंतींना, तळाला आणि दाराच्या आतल्या बाजूला लावा. रॉड, पंख्याची जाळी आणि आतल्या भिंतीवर दिसणारी तापमान मोजणारी बारीक तांब्याची नळी यांना मात्र वगळा. ती नळी वाकली तर थर्मोस्टॅट चुकायला लागतो. मग ओव्हन आठ-दहा तास तसाच सोडा. रात्री लावून सकाळी पुसणं सोयीचं. सकाळी लेप तपकिरी झालेला दिसेल. ओल्या फडक्याने तो काढा, हट्टी जागी लाकडी उलथनं किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड चालवा. व्हिनेगरची पाळी आता येते: पत्र्यावर राहिलेली पांढरी पूड पुसायला व्हिनेगरचं जेमतेम ओलं फडकं. जुना थर एका रात्रीत सुटत नाही, दुसऱ्या रात्री पुन्हा लेप लावावा लागतो. हे आधीच मान्य केलं की हात तारेच्या घासणीकडे जात नाही.

बेकिंग पावडर मात्र यासाठी घेऊ नका. तिच्यात सोड्यासोबत आम्लाची पूड आणि स्टार्च असतो. लेप नुसता चिकट होतो.

पत्रा कसला आहे हे न बघता क्लीनर मारणं

परदेशात मिळणाऱ्या बऱ्याच ओव्हन क्लीनरमध्ये कॉस्टिक सोडा असतो. तिथल्या मोठ्या ओव्हनना आतून एनॅमलचा, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर असतो, तो कॉस्टिक सहन करतो. आपल्याकडच्या ओट्यावरच्या ओटीजींमध्ये बहुतेकदा आतून चंदेरी-राखाडी पत्रा असतो, त्यावर जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा मुलामा. कॉस्टिक हा मुलामा खातो. पहिल्या वेळी पत्रा लख्ख दिसतो, नंतर डागाळतो आणि पुढे गंजतो. तेव्हा आधी आत डोकावून बघा. गडद, चमकदार, काचेसारखा पृष्ठभाग असेल तर एनॅमल. राखाडी आणि धातूसारखा असेल तर खाण्याचा सोडा आणि सौम्य लिक्विड सोप यांच्यापुढे जायचं नाही.

धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा कितीतरी तीव्र. एनॅमलच्या ट्रेला, स्टीलच्या जाळीला गरम पाण्यात घालून चालतो. पण त्याच टबात केकचा अॅल्युमिनियमचा डबा बुडवला की डबा काळा पडतो. पडलाच असेल तर लिंबाच्या साली घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, काळपटपणा बराच उतरतो.

टॉयलेट क्लीनर ओव्हनमध्ये वापरणारेही आहेत. त्यातल्या आम्लाने क्रोमची जाळी आणि पत्रा दोन्ही खराब होतात, शिवाय आपण त्यात खाणं भाजतो. ब्लीचचं तर नावच नको: ब्लीच आणि व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि छोट्या स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

रॉडवर पाणी मारणं

स्प्रेची बाटली हातात आली की माणूस सगळीकडे फवारतो. ओटीजीच्या धातूच्या रॉडमध्ये तापणारी तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड ओलावा शोषते. रॉडच्या टोकांतून पाणी शिरलं की थोडी वीज बाहेरच्या पत्र्यात झिरपते आणि ओव्हन लावल्याबरोबर घरातली ईएलसीबी, म्हणजे वीज झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच, पडते.

असं झालं तर ओव्हन एक-दोन दिवस कोरड्या, हवेशीर जागी उघडा ठेवा आणि मग लावून बघा. पुन्हा ट्रिप झालं तर मेकॅनिककडे न्या. काही जण यावर दोन पिनांचा प्लग लावतात किंवा अर्थिंगची वायर काढून टाकतात. मग ट्रिप होत नाही, पण ओव्हनच्या अंगात वीज उतरलेली असते आणि दार उघडणारा हात तुमचा असतो.

रॉडवर सांडलेलं चीज खरवडायचं नाही. रिकामा ओव्हन खिडक्या उघडून चढ्या तापमानावर दहा-पंधरा मिनिटं चालवा. ते जळून कोळसा होतं आणि गार झाल्यावर कोरड्या मऊ ब्रशने झटकलं की पडतं. तळाच्या क्रम्ब ट्रेमधला चुरा मात्र त्याआधीच काढून टाका, नाहीतर तोच पेट घेतो.

मायक्रोवेव्हला ओटीजीसारखं वागवणं

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हचे नियम वेगळे. तारेची घासणी इथे अजिबात नको, तिचा एखादा तुटका धागा आत राहिला तर ठिणग्या उडतात. बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा तुकडा असतो, तो अभ्रकाचा. घाण समजून तो काढून फेकू नका. त्यावर तेल साचून जळालं तरीही ठिणग्या येतात, म्हणून तो हलक्या हाताने पुसा. भोक पडलं असेल तर बदलून घ्या. वाटीभर पाण्यात लिंबू पिळून, वाटीत लाकडी चमचा ठेवून तीन-चार मिनिटं तापवा आणि दार पाच मिनिटं बंदच ठेवा. वाफेने सगळं मऊ पडतं. चमचा विसरू नका, नाहीतर न उकळता अति तापलेलं पाणी हलवताच उसळतं. आणि आतला पंखा धुवायला मागचं कव्हर उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विद्युतदाब उरलेला असू शकतो.

काच, फॉइल आणि झुरळं

गरम काचेवर गार पाण्याचं फडकं फिरवलं की ती तडकू शकते. ओरखडलेली काचही पुढे कधीतरी तापताना दगा देते, म्हणून ब्लेड नको. तळाला फॉइल अंथरणं सोयीचं वाटतं, पण त्याने उष्णता अडते आणि केक खालून कच्चा राहतो. एनॅमलवर तर फॉइल वितळून कायमचं चिकटू शकतं. त्यापेक्षा सांडण्याची भीती असेल तेव्हा पदार्थाच्या खालच्या कप्प्यात एक ट्रे ठेवा.

पावसाळ्यात झुरळं ओव्हनच्या उबेला येतात. आत कीटकनाशक फवारू नका, चुरा काढून टाकला की त्यांचं येणं पुष्कळ कमी होतं.

सेल्फ-क्लीन असलेले ओव्हन

अमेरिका, युरोपात राहणाऱ्यांच्या ओव्हनला बऱ्याचदा हे बटण असतं. ओव्हन सुमारे 480 अंश सेल्सिअसपर्यंत तापून किटणाची राख करतो. जाळ्या आणि भांडी आधी बाहेर काढा. क्रोमच्या जाळ्या या उष्णतेत काळवंडतात. नॉनस्टिक भांडं आत राहिलं तर त्याचा धूर पक्ष्यांना मारतो, त्यामुळे घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांना दूर हलवा. आणि पंचवीस पाहुणे यायच्या आदल्या रात्री हे बटण दाबू नका. इतक्या उष्णतेत फ्यूज किंवा दाराचं लॉक जाणं ही नेहमीची तक्रार आहे.

सफाईनंतर काही बिनसलं तर

पहिल्यांदा तापवताना धूर आणि पांढरे डाग दिसले तर सोडा किंवा साबण राहिलाय. गार करून पुन्हा पुसा आणि रिकामा ओव्हन 200 अंशांवर वीस मिनिटं चालवा. वास उरला तर दार रात्रभर उघडं ठेवा. जाळीवर गंज आला असेल तर व्हिनेगरने घासून पूर्ण कोरडी करा. खालचा रॉड तापत नसेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी नॉब बघा: पुसताना तो हलून फक्त वरच्या रॉडवर जाऊन बसलेला असतो, आणि टायमर शून्यावर असेल तर बऱ्याच ओटीजींमध्ये काहीच तापत नाही.