शरदातला स्ट्राइप्ड बास: किनाऱ्यावरून गळ टाकताना

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा स्ट्राइप्ड बास हा मासा चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत, डेलावेअरमध्ये आणि हडसनमध्ये वसंतात अंडी घालतो. मग मोठे मासे उत्तरेला न्यू इंग्लंडकडे जातात आणि थंडीची चाहूल लागली की दक्षिणेला परततात. हा परतीचा प्रवास सप्टेंबरात मेन-मॅसॅच्युसेट्सकडून सुरू होतो, ऑक्टोबरात केप कॉड, ऱ्होड आयलंड आणि मोंटॉक गाजतात आणि नोव्हेंबरात, कधी डिसेंबर उजाडला तरी, न्यू जर्सीच्या पुळणीवर मासा असतो. पण तारखेच्या भरवशावर राहू नका. पाणी साधारण 55 ते 65 अंश फॅरनहाइट आहे का आणि किनाऱ्याला चारा लागलाय का, हे दोन प्रश्न कॅलेंडरपेक्षा महत्त्वाचे.

चारा म्हणजे बास खातो ते छोटे मासे, मुख्यतः बंकर (मोठे आणि बोटभर पिल्लं, दोन्ही), मुलेट, सँड ईल आणि अँकोव्ही. गॅनेट पक्षी उंचावरून सूर मारत असतील तर खाली बहुधा बंकर किंवा हेरिंग असतो. लहान टर्न पक्षी पाण्याला चाटून जात असतील तर चारा बारीक आहे, तुमचं आमिषही बारीक हवं. सँड ईलच्या थव्यात मोठा पॉपर (पाण्यावर खळबळ करणारं खोटं आमिष) फेकणारा रिकाम्या हाताने परततो, हे दर मोसमात दिसतं.

सामान

मोकळ्या पुळणीसाठी 10 फुटी रॉड, 1 ते 4 औंस वजन फेकू शकेल असा. रीळ 5000 किंवा 6000 मापाचं, त्यावर 30 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी). पुढे 40 ते 50 पौंडी लीडर (गळाआधीचा जाड दोरीचा तुकडा), 3 फूट. ब्रेड आणि लीडर गाठीने जोडायची सवय नसेल तर मधे बॅरल स्विव्हल (फिरती कडी) घाला. अंधारात, गार बोटांनी बारीक गाठ मारणं अवघड जातं. ड्रॅग (ज्या ताणाला रीळ दोरी सोडतं तो) 7-8 पौंडांवर ठेवा आणि ते स्प्रिंगच्या काट्याने मोजून पाहा. नुसतं हाताने ओढून अंदाज घेतला की तो हमखास चुकतो.

खोटी आमिषं निवडताना संख्या कमी ठेवा: 1 आणि 2 औंसाचे बकटेल (जड डोक्याला केसांचा झुपका), एक 5-6 इंची मऊ शॅड (रबरी मासा), रात्रीसाठी एक नीडलफिश (लांब, सडपातळ आमिष), पहाटेसाठी एक पेन्सिल पॉपर. कारखान्यातून आलेले तीनतोंडी गळ काढून एकतोंडी लावा आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा सुटण्याचं प्रमाण फारसं वाढत नाही, आणि तुमच्या बोटातून गळ काढायची वेळ आली तर तोच फरक मोलाचा ठरतो.

पुळण वाचणे

इथे बहुतेकांचं चुकतं. ओहोटीच्या तळाला, दिवसाउजेडी, जागा बघून घ्या. लाट जिथे पांढरी फुटते तिथे वाळूचा बांध आहे. बांध आणि काठ यांच्यामध्ये गडद पाण्याचा पट्टा दिसेल, तो खड्डा. बांधावर एखाद्या ठिकाणी लाट फुटतच नसेल तर तिथे बांध तुटलेला आहे; भरतीचं पाणी आणि चारा तिथूनच ये-जा करतात. त्या तोंडाच्या दोन्ही कडा तुमच्या जागा. जवळच्या एखाद्या खुणेवरून, म्हणजे खांब किंवा घराचं छप्पर, ती जागा लक्षात ठेवा, कारण भरतीला सगळं सपाट दिसतं.

रात्री मासा या खड्ड्यात, काठापासून जेमतेम 20-30 फुटांवर फिरतो. गुडघाभर पाण्यात शिरून दूर फेकणारा माणूस त्याच्या डोक्यावरून फेकत असतो. कोरड्या वाळूवर उभे राहा, पहिले चार-पाच फेके काठाला समांतर मारा, मगच तिरके आणि लांब.

पाणी वाहतं हवं. भरती संपण्याआधीचे दोन तास आणि ओहोटीचे पहिले दोन तास पुळणीवर सहसा बरे. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) प्रवाह जोरदार, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) मंद. भांगाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी जा, तिथे अरुंद वाटेमुळे थोडा तरी प्रवाह मिळतो. ईशान्य वाऱ्याने पाणी थोडं पांढरं झालं असेल तर उत्तम. वादळानंतर शेवाळ तरंगत असेल आणि प्रत्येक फेक्याला गळावर हिरवा गुच्छा येत असेल, तर जागा बदला.

बकटेल कसं चालवावं

खाडीच्या तोंडाशी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, तिरकं फेका. दोरी ताणात ठेवून तळाला जाऊ द्या. मग रीळ फक्त ढिलाई काढण्यापुरतं फिरवा. बकटेल प्रवाहाबरोबर कमानीत वाहत गेलं पाहिजे. दर काही सेकंदांनी तळाला हलकी टिचकी जाणवली पाहिजे. सतत घसटत असेल तर वजन जास्त, टिचकीच लागत नसेल तर कमी. अर्धा औंस बदलून बघा. झटका बहुतेक वेळा कमानीच्या शेवटी बसतो, बकटेल तळावरून वर उचलू लागताना. नवशिका नेमका तेव्हाच भराभर गुंडाळायला लागतो.

रात्री नीडलफिश इतकं हळू ओढा की कंटाळा यावा.

खऱ्या आमिषाने

सरकत्या शिशाची जोडणी: ब्रेडवर सरकणारी नळी, तिला 3 ते 5 औंसाचं पिरॅमिड शिसं, मग स्विव्हल, 2 फूट लीडर आणि 8/0 मापाचा सर्कल गळ (टोक आत वळलेला गोलसर गळ). गळ एकाच पातळीत हवा, टोक बाजूला मुडपलेलं नको. खऱ्या आमिषासाठी सर्कल गळ नियमानेच सक्तीचा आहे. बंकरचा तुकडा लावताना गळाचं टोक उघडं ठेवा. मासा लागला की रॉड झटकू नका, फक्त गुंडाळत राहा. झटकलं की गळ तोंडातून निसटून येतो.

नियम आणि मासा सोडणे

2024 साली ठरलेल्या नियमानुसार समुद्रकिनारी माणशी रोज एकच मासा, तोही 28 ते 31 इंचांतला. चेसापीकमधले नियम वेगळे, आणि किनाऱ्यापासून 3 मैलांपलीकडे हा मासा धरायला 1990 पासून बंदी. टोकदार आकडा (गॅफ) वापरून मासा ओढायचा नाही. निघण्याआधी राज्याचे चालू नियम आणि परवाना किंवा नोंदणी तपासा, कारण हे आकडे बदलत आले आहेत.

वेडर (छातीपर्यंतची जलरोधक पँट) घालणार असाल तर कमरपट्टा आवळून बांधा, पडलात तर आत पाणी लवकर भरत नाही. ओल्या खडकांच्या धक्क्यावर टोकदार खिळ्यांच्या तळव्याशिवाय पाऊल ठेवू नका.

सोडून दिलेल्या माशांपैकी सुमारे 9 टक्के मरतात असं व्यवस्थापनाच्या हिशेबात धरलं जातं, म्हणजे हाताळणीत सुधारायला भरपूर वाव आहे. हात ओले करा, मासा वाळूत लोळवू नका, कल्ल्यांत बोट घालू नका. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवला की त्याच्या मणक्यावर आणि आतड्यांवर ताण येतो, म्हणून पोटाखाली दुसरा हात द्या. प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरा. तो अंगठा घट्ट चावू लागला की सोडा. गळ घशात खोल गेला असेल तर उपसत बसू नका, दोरी तोंडाजवळ कापून टाका.