पेपरवर ‘उन्हाळ्या लागल्या’ लिहिलंय, कोड कोणता टाकायचा?

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला की ओपीडीच्या पेपरवर ‘उन्हाळ्या लागल्या, लघवीला जळजळ’ हे ठरलेलंच. नवा कोडर, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदींना आयसीडी-१० या आजारांच्या यादीतले कोड लावणारा, ते वाचतो आणि सरळ मूत्रमार्गाच्या संसर्गाचा एन३९.० टाकून मोकळा होतो. पण जळजळ हे लक्षण झालं. डॉक्टरांनी निदान लिहिलंच नसेल, तर जळजळीच्या आर३०.० वरच थांबायचं.

निदान असेल तर आधी जागा शोधा. एन३९.० चा अर्थच ‘संसर्ग आहे, जागा सांगितलेली नाही’ असा. मूत्राशयाचा दाह म्हणजे सिस्टायटिस एन३० मध्ये जातो, मूत्रनलिकेचा दाह म्हणजे युरेथ्रायटिस एन३४ मध्ये, किडनीपर्यंत पोचलेला तीव्र पायलोनेफ्रायटिस एन१० मध्ये. जागा कळली की एन३९.० सोबतीला ठेवायचा नाही, जळजळीचा आर३०.० सुद्धा गळतो.

आता एका रुग्णाचा चार्ट घ्या: ‘तीव्र सिस्टायटिस, लघवीतून रक्त, कारण ई. कोलाय.’ चार्ट अमेरिकेचा असेल तर आयसीडी-१०-सीएम, म्हणजे या यादीची अमेरिकी आवृत्ती, लागतं. तिथे नुसता एन३०.० अपुरा म्हणून परत येतो. रक्त नसेल तर एन३०.००, असेल तर एन३०.०१. इथे एन३०.०१ आणि त्याच्यामागे जंतूचा बी९६.२०. रक्तासाठी आर३१ वेगळा लावू नका, ते एन३०.०१ मध्येच आलं. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० वर चालणाऱ्या रेकॉर्ड रूममध्ये हेच एन३०.० आणि बी९६.२ होतं. दोन्हीकडे काम करणाऱ्यांची गल्लत बहुतेक इथेच होते.

जंतूचं नाव फक्त लॅबच्या कागदावर असेल, डॉक्टरांच्या नोटमध्ये नसेल, तर तो कोड तुमच्या मनाने लावायचा नाही. क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरांनाच लेखी विचारा.

गरोदर बाई असेल तर गरोदरपणातल्या मूत्रमार्गाच्या संसर्गाचा ओ२३ पहिला. मूत्राशयाचा संसर्ग, दुसरी तिमाही: सीएममध्ये ओ२३.१२.

कॅथेटर (लघवीची नळी) घातलेला असणं वेगळं आणि कॅथेटरमुळे संसर्ग होणं वेगळं. डॉक्टरांनी तसा संबंध लिहिला असेल तरच टी८३.५११ए पहिला, मग संसर्गाचा कोड.

सगळ्यात फसवा शब्द ‘युरोसेप्सिस’. सीएममध्ये त्याला कोडच नाही. सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था, धरला तर ऑडिटमध्ये अडकाल, नुसता एन३९.० धरला तर खरा सेप्सिस सुटेल. क्वेरीच लागते, पण ‘सेप्सिस आहे ना?’ अशी नको, ते उत्तर तोंडात घालणं झालं. ‘युरोसेप्सिस म्हणजे आपल्याला नेमकं कोणतं निदान अभिप्रेत आहे?’ एवढंच लिहा.