बायपासनंतरचा व्यायाम घरून, व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करणार असाल तर

सगळ्यांत आधी, डिस्चार्जच्या अगोदर सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या आणि तिचा कागद मागून घ्या. किती मीटर चालले, मध्ये थांबले का, आधीची-नंतरची नाडी, बीपी, ऑक्सिजन, सगळं लेखी. बाबांच्या वेळी हाच कागद घ्यायचा राहून गेला. फाइलमध्ये नुसतं ‘चालण्यास हरकत नाही’ एवढंच होतं. त्यावरून व्हिडिओ कॉलवरचा फिजिओथेरपिस्ट काय ठरवणार?

घर की हॉस्पिटल, हे रिक्षाच्या भाड्यावर ठरवू नका. हृदयाचं पंपिंग फार कमी असेल, ठोके अनियमित असतील, चालताना छातीत दुखत असेल तर हॉस्पिटलमध्येच, ईसीजी लावून व्यायाम. धोका कमी असलेल्यांना घरचा कार्यक्रमही तितकाच लागू पडतो, कोक्रेन या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेल्या आढाव्यातही तेच निघालं आहे. पण कार्यक्रम हवा. बागेत जमेल तशा फेऱ्या मारणं म्हणजे हृदयाचं पुनर्वसन (कार्डिअ‍ॅक रिहॅब) नव्हे.

घरी हवं ते: बीपीचं यंत्र, ऑक्सिमीटर, वजनकाटा. वजन रोज सकाळी, चहाच्या आधी. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं किंवा पाय सुजले तर लगेच फोन करा, ‘उद्या बघू’ नको. मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असली की नाडी दबलेली राहते, म्हणून मनगटावरच्या घड्याळाच्या भरवशावर वेग वाढवू नका. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, इतपतच. नाडी कुठवर जाऊ द्यायची तेही त्याच कागदावर लिहून घ्या. घेतला ना तो कागद? नसेल तर पहिल्या ओपीडीला मागाच.

छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर भरलेली बादली नाही, नातवाला उचलणं नाही. खुर्चीतून उठताना हातांवर भार नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. हे रोज सांगावं लागतं. चार दिवस बरं वाटलं की माणसं सिलिंडर सरकवायला जातात.

व्यायामाच्या वेळी घरात कुणीतरी हवंच. फोन असा टेकवा की फिजिओथेरपिस्टला पावलं दिसतील. छातीत दुखलं, घाम फुटला, चक्कर आली तर थांबा, 108.

जखमा, पथ्य डिस्चार्ज कार्डावर असतंच. दुचाकी डॉक्टरांना विचारून. बारा आठवड्यांनी तीच सहा मिनिटांची चाचणी पुन्हा. गोळ्या मनाने बंद करू नका. उगाच रडू येत असेल, झोप उडाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.