न्यूझीलंडमधील जमीन, पाणी आणि रिसोर्स कन्सेंट : या चुका टाळा

शहराबाहेर दोन-चार एकरांचा लाइफस्टाइल ब्लॉक घ्यावा, थोडी फळझाडे लावावीत आणि जमल्यास एखादा छोटा उद्योग सुरू करावा, ही हौस न्यूझीलंडमधील आपल्या मराठी मंडळींत चांगलीच रुजली आहे. रिसोर्स कन्सेंटचे, म्हणजे जमीन-पाण्यासारख्या नैसर्गिक साधनांच्या वापरासाठी कौन्सिलकडून (स्थानिक स्वराज्य संस्थेकडून) घ्यायच्या परवानगीचे, अर्ज तयार करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या हौसेचा कागदोपत्री शेवट कुठे होतो, हे मला जवळून पाहायला मिळते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा निस्तराव्या लागण्याचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे.

पहिली चूक म्हणजे बिल्डिंग कन्सेंट (बांधकामाची परवानगी) हातात पडली की सारे झाले, असे समजणे. डिस्ट्रिक्ट कौन्सिल इमारत आणि जमिनीचा वापर पाहते, तर रीजनल कौन्सिलकडे पाणी, हवा, ओढ्या-नद्यांचे पात्र, किनारपट्टी आणि सांडपाण्याचा विसर्ग असतो. ऑकलंड, नेल्सन, टास्मन, मार्लबरो आणि गिझबर्न येथे ही दोन्ही कामे एकाच कौन्सिलकडे आहेत. पण कार्यालय एक असले तरी परवानग्या वेगवेगळ्याच लागतात. सेप्टिक टँक बसवण्याची परवानगी आणि त्यातले पाणी जमिनीत सोडण्याची मुभा या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९९१ च्या रिसोर्स मॅनेजमेंट अॅक्टची मूळ घडणच अशी आहे की जमिनीच्या वापराला, एखाद्या नियमाने मनाई केली नसेल, तर मोकळीक असते. पाणी उचलणे, ओढ्याच्या पात्रात काम करणे किंवा पाण्यात दूषित द्रव सोडणे यांना मात्र नियमाने किंवा कन्सेंटने परवानगी दिली असेल तरच मोकळीक मिळते. घरगुती गरजेपुरते आणि जनावरांना पिण्यापुरते पाणी हा अपवाद आहे, तोही पर्यावरणावर वाईट परिणाम होत नसेल तरच. ‘जमीन माझी, म्हणून तिच्यावरून वाहणारे पाणीही माझे’ हे गृहीत येथे चालत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. जमिनीच्या सखल कोपऱ्यात पाणी साचते, लव्हाळे उगवतात, डास होतात आणि मालकाला ती जागा वाया गेलेली वाटते. उत्तर बेटावरील एका कुटुंबाने असा कोपरा कोरडा करण्यासाठी डिगरवाल्याला बोलावले. त्याने एका दिवसाचे काम आहे असे सांगितले आणि ते खरोखरच एका दिवसात केले, म्हणजे पाणथळीच्या मधोमध चर खणून तो थेट ओढ्याला जोडला. शेजाऱ्याने कौन्सिलच्या तक्रार क्रमांकावर कळवले, अधिकारी पाहणीला आले, आणि त्यानंतर ते कुटुंब माझ्याकडे ‘आता हे नियमित करून द्या’ अशी विनंती घेऊन आले. ही मागणी कुठून येते ते मला ठाऊक आहे. गुंठेवारी आणि अनधिकृत मजले नियमित होताना पाहत आपण मोठे झालो आहोत, त्यामुळे आधी काम उरकायचे आणि मागाहून दंड भरायचा हा क्रम आपल्याला स्वाभाविक वाटतो.

अडचण अशी की सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या गोड्या पाण्याच्या राष्ट्रीय मानकांनुसार, काही ठरावीक कामांचे अपवाद सोडले, तर नैसर्गिक पाणथळीच्या आत खोदकाम करून ती पूर्णपणे किंवा अंशतः आटवणे हे प्रतिबंधित वर्गात मोडते. प्रतिबंधित म्हणजे कन्सेंट मिळणे कठीण असा अर्थ नाही. त्यासाठी अर्जच करता येत नाही. पाणथळीच्या बाहेर पण १०० मीटरच्या आत केलेल्या खोदकामाने ती आटत असेल, तर निदान अर्जाची वाट उरते, मात्र ती सर्वांत कडक वर्गांपैकी एका वर्गातून जाते. कुटुंबाचा बचाव असा होता की ती जागा पाणथळ नसून चराऊ कुरण होती. या बचावाला कायद्यात जागा आहे, कारण चराईसाठी वापरल्या जाणाऱ्या आणि निम्म्याहून अधिक भाग परदेशी कुरण-गवतांनी व्यापलेल्या जागेला व्याख्येतून वगळले आहे. परंतु तेथे कोणती वनस्पती किती होती हे जाणकाराने मोजून दाखवावे लागते, आणि डिगर फिरल्यावर मोजण्यासारखे काही शिल्लकच राहिले नव्हते. जुन्या हवाई छायाचित्रांत ओला काळपट पट्टा मात्र वर्षानुवर्षे स्पष्ट दिसत होता. अखेरीस चर बुजवून जागा पूर्ववत करण्याचा खर्च डिगरच्या बिलापेक्षा कितीतरी अधिक झाला.

यावर माझी सवय सांगतो. सौदा पक्का होण्यापूर्वी जुलै-ऑगस्टच्या पावसात गमबूट घालून संपूर्ण जमीन पायी हिंडावी, कौन्सिलचे ऑनलाइन नकाशे पाहावेत आणि रेट्रोलेन्स या संकेतस्थळावरील जुनी हवाई छायाचित्रे उघडावीत. फेब्रुवारीच्या उन्हात जमीन पाहून सही करणाऱ्यांना मी आता समजावत बसत नाही.

आणखी एक मोठी चूक अर्जाच्या कागदांतच असते. प्रत्येक अर्जासोबत पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन द्यावे लागते आणि त्यात काय असावे हे कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात सविस्तर दिलेले आहे. हौशी अर्जदार मात्र मित्राचा मंजूर झालेला अर्ज मागून घेतात, पत्ता बदलतात आणि ‘परिणाम नगण्य आहेत’ हे वाक्य तसेच ठेवून देतात. असा अर्ज अपूर्ण ठरवून कौन्सिल कामाच्या दहा दिवसांत परत पाठवू शकते. स्वीकारला गेलाच, तर अधिक माहितीची मागणी होते आणि अधिसूचना (लोकांना कळवून हरकती मागवणे) न लागणाऱ्या अर्जासाठीची कामाच्या २० दिवसांची मुदत थांबते. दरम्यान अधिकाऱ्याचा वेळ तासाच्या दराने अर्जदाराच्या बिलात जमा होत राहतो. त्यातही २० डिसेंबर ते १० जानेवारी हे दिवस कामाचे धरले जातच नाहीत, त्यामुळे नाताळच्या तोंडावर अर्ज टाकून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘कुठवर आले’ असे विचारणाऱ्यांना मी उत्तर देणे सोडले आहे.

परिणाम नगण्य असतील, तर ते कशावरून, हे आकड्यांत लिहावे: किती लिटर, किती तास, ओढा किती अंतरावर, माती कोणती, भूजल किती खोल. कायद्यातील परिणामाच्या व्याख्येत तात्पुरते, साचत जाणारे आणि क्वचित पण भयंकर ठरू शकणारे परिणामही येतात, हे विसरू नये. वायकाटो नदीच्या खोऱ्यात तर २०१० च्या कायद्यामुळे नदीचे आरोग्य सुधारण्याचे ध्येय नियोजनाच्या मुळाशी आहे. तेथे ‘आणखी बिघडणार नाही’ एवढेच म्हणणारा अर्ज फार लंगडा पडतो. स्थानिक इवीशी (माओरी जमातीशी) बोलणे कायद्याने अर्जदारावर सक्तीचे नसले, तरी अर्ज देण्यापूर्वी बोलावे. नंतर बोलणे हे केवळ कळवणे असते आणि समोरच्यांना ते लगेच कळते.

हवामानबदल हा अर्जाच्या शेवटी चिकटवण्याचा परिच्छेद आहे असे मानू नका. कन्सेंट ३५ वर्षांपर्यंतची असू शकते, आणि गेल्या तीस वर्षांच्या पावसावर बेतलेली पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था पुढच्या तीस वर्षांत पुरेलच असे नाही. जानेवारी २०२३ चा ऑकलंडचा पूर आणि फेब्रुवारीतील गॅब्रिएल चक्रीवादळात बुडालेले एस्क खोरे सर्वांनी पाहिले आहे. हर्ड्स या साधनातून भावी पावसाचे अंदाज कोणालाही विनामूल्य काढता येतात. ते न काढण्याला आळसाखेरीज कारण मला दिसत नाही. बॉयलर असलेल्या उद्योगांनी औद्योगिक उष्णतेतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची २०२३ ची मानके आधी वाचावीत, मगच यंत्राची मागणी नोंदवावी.

काही चुकांना एक वाक्य पुरे. ओढ्यात पाइप टाकताना तोंड पाण्याच्या पातळीच्या वर लटकत ठेवू नका, ईल आणि इनांगा या स्थानिक माशांना उड्या मारता येत नाहीत. जमिनीसोबत बोअरची कन्सेंट आपोआप आपल्या नावावर झाली असे धरून चालू नका, कौन्सिलला विचारा. मिळालेली कन्सेंट पाच वर्षे वापरली नाही, तर तीत वेगळी मुदत दिली नसल्यास ती सहसा रद्द होते.

‘नवा कायदा येतोय, तोवर थांबू’ हा सल्लाही ऐकू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये रिसोर्स मॅनेजमेंट अॅक्टच्या जागी नवा कायदा संमत झाला, लोक त्याच्या भरवशावर थांबले आणि सरकार बदलताच डिसेंबरमध्ये तो रद्द झाला. जुनी कन्सेंट संपण्याच्या किमान सहा महिने आधी नवा अर्ज दिला, तर निर्णय होईपर्यंत काम चालू ठेवता येते. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दिला, तर ते कौन्सिलच्या मर्जीवर असते. त्याहून उशीर झाल्यास मुदत संपताच पंप बंद करावा लागतो. मी मुदतीच्या वर्षभर आधीची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवतो.

कन्सेंट हाती आल्यावर अटी वाचा, त्यांत मोजमाप आणि अहवाल यांच्या तारखा असतात. सेकंदाला पाच लिटर किंवा त्याहून अधिक पाणी उचलण्याची परवानगी असेल, तर मीटर लागतो, आणि त्याची अचूकता पाच-पाच वर्षांनी तपासून घ्यावी लागते. त्या तपासणीसाठी माणूस आयत्या वेळी, सिंचनाच्या हंगामात, मिळत नाही, म्हणून तो हिवाळ्यातच ठरवून ठेवावा.