तिकीट स्वतः काढताय की पॅकेज घेताय? या चुका टाळा

सहलीचा विषय निघाला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, तिकिटं आपली आपण काढू, टूरवाले मधल्या मध्ये पैसे खातात. दुसरा म्हणतो, कशाला डोक्याला ताप, पॅकेज घ्या आणि बॅगा भरा. भांडण सगळं पैशावरून. मला विचाराल तर आधी हे ठरवा, की विमान चुकलं तर पुढची सोय कोणी करायची? पुढच्या बहुतेक चुका हे न विचारल्यानेच होतात.

दोन स्वस्त तिकिटं जोडून एक प्रवास

ही मी स्वतः केलेली चूक, म्हणून पहिला मान तिला. पहिलं विमान एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, मध्ये अडीच तास. कागदावर झकास. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं. तिकिटं वेगवेगळी, त्यामुळे बॅग परस्पर पुढच्या विमानात जाणार नव्हती. इमिग्रेशनची रांग, मग पट्ट्यावरून बॅग, मग बाहेर येऊन पुन्हा चेक-इन. पट्ट्यावर माझी बॅग डुलत डुलत आली तेव्हा पुढचा काउंटर बंद व्हायला सात मिनिटं होती. धावत पोचले तर तिथला मुलगा पाटी उचलत होता. पहिल्या विमानाला उशीर झाला हे त्याला तीनदा सांगितलं. त्याच्या लेखी ते विमान नव्हतंच. मी फक्त वेळेवर न आलेली प्रवासी होते. शेरा पडला ‘नो-शो’, आणि त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही त्याबरोबर रद्द झाला.

हाच प्रवास एका तिकिटावर असता, तर पुढच्या विमानात बसवून देणं विमान कंपनीचं काम होतं. तेव्हा पैसे भरण्याआधी पानावर कुठे ‘सेल्फ ट्रान्सफर’, म्हणजे मधलं विमान बदलणं तुमच्या जबाबदारीवर, असं लिहिलंय का ते बघा. काही वेबसाइट एकाच बुकिंगमध्ये दोन सुटी तिकिटं चिकटवून देतात. ई-तिकिटाचा क्रमांक 13 अंकी असतो आणि पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात. दोन्ही विमानांपुढे एकच क्रमांक असेल तर निर्धास्त राहा. लो-कॉस्ट कंपन्यांपैकी काही असा क्रमांक देतच नाहीत, फक्त पीएनआर देतात. तिथे जोडणीची हमी आहे का, हे अटींमध्ये शोधावं लागतं. आणखी एक: बॅग घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे त्या मधल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

मध्यरात्रीनंतरचं विमान

तिकिटावर 15 तारीख, वेळ 00:40. म्हणजे घरातून निघायचं 14 तारखेच्या संध्याकाळी. वाचताना हसू येतं, पण 15च्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर हजर झालेली माणसं खरोखर असतात. उतरण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+1’, म्हणजे दुसऱ्या दिवशी, असेल तर हॉटेलची तारीख त्याप्रमाणे धरा. पॅकेजमध्ये हा हिशोब प्लॅनर करतो. तरी एकदा बोट ठेवून तपासा, कारण पहिली रात्र हुकली की हॉटेलं कधीकधी पुढच्याही रात्री रद्द करून टाकतात.

‘विमानप्रवासासह’ एवढंच वाचून पैसे भरणं

आता पॅकेजकडे. सहा दिवस, पाच रात्री असं छापलेलं असतं. त्यात पहिल्या दिवशी तुम्ही रात्री अकराला पोचता आणि शेवटच्या दिवशी सकाळी सातला निघता, हे छापलेलं नसतं. हातात उरले चार दिवस. म्हणून विमानाच्या वेळा, मधला थांबा आणि त्याची लांबी लेखी मागा. ‘डायरेक्ट’ शब्दावर भाळू नका; तेच विमान मध्ये कुठेतरी उतरून पुढे गेलं तरी त्याला डायरेक्टच म्हणतात. कुठेच उतरायचं नसेल तर ‘नॉन-स्टॉप’ हवं.

दुसरं म्हणजे ‘कन्फर्म आहे’ हा शब्द. पीएनआर पडला म्हणजे तिकीट निघालंच असं नाही. जागा नुसती धरून ठेवलेली असू शकते, आणि मुदत संपली की ती सुटते. पीएनआर घ्या, विमान कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा. ग्रुप बुकिंग असेल तर आवडीची सीट किंवा नावातला बदल सहसा तुमच्या हातात राहत नाही, हेही आधी विचारून ठेवा.

मधला मार्ग आणि त्यातला खड्डा

पॅकेज ‘लँड ओन्ली’ घ्यायचं, विमान आपलं आपण. हा मार्ग मला आवडतो. पण लोक आधी स्वस्तातलं, रिफंड न मिळणारं तिकीट काढतात, आणि मग टूरला किमान माणसं जमली नाहीत म्हणून टूरच रद्द होते. टूर कंपनी तिचे पैसे परत करते, विमानाचे करत नाही. ‘टूर नक्की निघणार’ असा मेल आल्याशिवाय तिकिटाला हात लावू नका.

कंपनीच बुडाली तर

23 सप्टेंबर 2019 रोजी ब्रिटनची थॉमस कुक ही टूर कंपनी बुडाली तेव्हा तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटक परदेशात होते. त्यांना आणायला तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाला विमानं भाड्याने घ्यावी लागली. ब्रिटनमध्ये विमानासह विकलेल्या पॅकेजला ‘अ‍ॅटॉल’ नावाचं, कंपनी बुडाली तर कामी येणारं संरक्षण 1970च्या दशकापासून आहे. युरोपीय संघातही पॅकेज विकणाऱ्याला दिवाळखोरीची तरतूद करावी लागते. पण हे पॅकेजपुरतं. सुटं काढलेलं विमान आणि सुटं हॉटेल सहसा या छत्रीखाली येत नाही. तुम्ही जिथून घेताय तिथे अशी काही सोय आहे का, हे विक्रेत्याला विचाराच. उत्तर देताना तो अडखळला तर तेही उत्तरच.

चार फुटकळ गोष्टी

चार जणांसाठी शोधल्यावर भाडं जास्त दिसतंय? एकासाठी शोधून बघा. स्वस्त भाड्याच्या तीनच जागा उरल्या असतील तर बरेचदा चौघांनाही वरचं भाडं दाखवतात. पण तिकिटं वेगळी काढलीत तर गडबडीत कुटुंबाची फाटाफूट होऊ शकते. तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन विमानतळ आहेत, आणि नारिता शहरापासून साठेक किलोमीटर दूर. उतरायचं एकावर आणि पुढचं विमान दुसऱ्यावरून, असं होऊ देऊ नका. एजंटकडून बुकिंग असेल तर त्यात तुमचाच मेल आणि मोबाइल टाकलाय ना ते बघा, नाहीतर वेळ बदलल्याचा निरोप त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो.

चूक झालीच तर

पहिल्या विमानाला उशीर होतोय असं दिसताच, पुढचं विमान सुटायच्या आत त्या कंपनीला फोन करा. सुटण्याआधी बरेचदा तारीख बदलता येते. नो-शो झाल्यावर ते बोलणं सहसा खुंटतं. आणि पहिल्या कंपनीकडून उशिराचं लेखी पत्र विमानतळावरच घ्या. मी घेतलं नव्हतं. विम्याचा दावा केला तेव्हा पहिल्याच उत्तरात त्यांनी तेच मागितलं.